बांधावरची चवळी आणि ढालकिडे
शिरोळ-करवीरकडे कोबी, वांगी असतील तर बांधावर चवळीची एक ओळ टोकून ठेवा. तिच्यावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येणारच. येऊ दे, फवारू नका. मावा लागलेल्या झाडाचा वास बदलतो, पानांवर चिकटा पडतो. त्याच्या मागावर मावा खाणारे ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरे, येतात आणि पुढे कोबी-वांग्यावरचा मावाही खातात. जवळ पोचल्यावर मात्र शोध बराचसा चाचपडतच चालतो. एक मावा सापडला की किडा तिथेच वळसे घेत घुटमळतो, कारण मावा घोळक्यानं राहतो.

ढालकिड्यांच्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले तर पान तोडू नका. काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी अळी त्यांचीच. तीही मावाच खाते. तिलाच कीड समजून औषध मारणारे कमी नाहीत! शेजारी भुईमूग असेल तर मात्र चवळी नको, हा मावा त्यावरही जातो.