जावा पेड झालंय म्हणे! मग या चुका तरी टाळा

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कुठल्याही मध्यम कारखान्यात जा, स्टोअरचं नाहीतर गेटपासचं सॉफ्टवेअर जावावर चालत असतं, ते बसवून देणारा मुलगा कधीच पुण्याला गेलेला असतो आणि ऑफिसात कुणाच्या तरी कानावर एवढंच आलेलं असतं की जावा पेड झालंय. मग एकजण म्हणतो सगळं काढून टाका, दुसरा म्हणतो काही होत नाही, चालू द्या. दोघंही न बघताच बोलत असतात.

जावा भाषा पेड झालेली नाही. ओपनजेडीके हा जावाचा मूळ सोर्स कोड जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आहे, धंद्यासाठी वापरला तरी फुकट. पैशाचा प्रश्न येतो तो ओरॅकल कंपनीने स्वतः बिल्ड करून (कोडमधून तयार करून) दिलेल्या जेडीकेचा, म्हणजे जावाच्या पॅकेजचा, आणि तिथेही कुठलं व्हर्जन, त्यातला कितवा अपडेट, यावर सगळं ठरतं. तोच सोर्स घेऊन एक्लिप्स टेमुरिन, ॲमेझॉन कोरेटो, अझुल झुलू असे बिल्ड मिळतात, मायक्रोसॉफ्टचासुद्धा आहे. द्राक्षं एकाच बागेतली, वायनऱ्या वेगवेगळ्या. त्यामुळे आधी कमांड प्रॉम्प्टवर "जावा -व्हर्जन" (इंग्रजीत java -version) टाकून बघा. "ओपनजेडीके रनटाइम" असं आलं तर बहुतेक वेळा निवांत, "जावा टीएम एसई रनटाइम" आलं तर ते ओरॅकलचं, मग पुढचं वाचा.

"आमचं जावा ८ आहे, जुनं, म्हणजे फुकट"

अर्धवट खरं. जावा ८ चा जुन्या लायसन्सवाला शेवटचा अपडेट २०२, जानेवारी २०१९ चा. १६ एप्रिल २०१९ ला अपडेट २११ आला तेव्हापासून लायसन्स बदललं, घरी वापरायला आणि डेव्हलपमेंटला फुकट, पण कंपनीच्या रोजच्या कामाला नाही. आणि होतं काय, खाली कोपऱ्यात अपडेटचा पॉपअप येतो, अकाउंट्सवाली ताई बिल काढायच्या घाईत नेक्स्ट नेक्स्ट करते, झालं, २०२ चं ३०० च्या पुढचं कधी झालं कुणालाच कळत नाही. उलट काहीजण हुशारी म्हणून मुद्दाम २०२ वरच बसलेत, लायसन्सचे पैसे वाचले पण २०१९ नंतरचा एकही सिक्युरिटी पॅच नाही, आणि तोच पीसी इंटरनेटला जोडलेला. यापेक्षा टेमुरिन ८ टाका की राव, पैसेही नाहीत आणि पॅचही येतात.

१७ टाकलं आणि विसरलं

सप्टेंबर २०२१ ला जावा १७ आलं तेव्हा ओरॅकलने ते धंद्यालाही फुकट केलं, सगळे खूश. पण ती सवलत पुढच्या एलटीएसनंतर (म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणाऱ्या व्हर्जननंतर) एक वर्षापर्यंतच होती. पुढचं एलटीएस २१, ते आलं सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे १७ ची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली. आधी उतरवलेले अपडेट वापरायला हरकत नाही, त्यानंतरचे मात्र पेडवाले. २१ चं हेच सप्टेंबर २०२६ ला होणार.

"एकाच पीसीवर आहे, कितीसं येणार?"

ही सगळ्यात महागडी समजूत. जानेवारी २०२३ पासून ओरॅकलचं जावा सबस्क्रिप्शन मशीन मोजत नाही, माणसं मोजतं. एक ते ९९९ माणसांसाठी लिस्ट रेट माणशी महिना १५ डॉलर, आणि माणसं म्हणजे पार्ट टाइम, टेम्पररी, शिवाय तुमच्या अंतर्गत कामाला हातभार लावणारी कॉन्ट्रॅक्टरची माणसंसुद्धा. दीडशे माणसांचं वर्कशॉप असेल तर वर्षाला २७,००० डॉलर, त्यातल्या सव्वाशे जणांनी आयुष्यात तो पीसी उघडला नसला तरी. म्हणून ओरॅकलकडून जावाबद्दल चौकशीचा मेल आला तर घाबरून लगेच "हो, दहा पीसीवर आहे" असं उत्तर ठोकू नका. आधी आत काय आहे ते तपासा आणि लायसन्स कळणाऱ्या माणसाला दाखवा.

बदलताना जे फसतं

टेमुरिन टाकलं तरी "जावा -व्हर्जन"ला ओरॅकलच दिसतंय? ओरॅकलचा इन्स्टॉलर कॉमन फाइल्समधल्या "जावापाथ" फोल्डरची एंट्री पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम कुठे शोधतं त्या यादीत) पुढे घुसवतो, नुसतं जावा होम हे सेटिंग बदलून ती हलत नाही. "व्हेअर जावा" (where java) टाका, जी ओळ सगळ्यात वर येईल तीच चालतेय. टॉमकॅट (जावाची वेब सॉफ्टवेअरं चालवणारा सर्व्हर) विंडोज सर्व्हिस म्हणून असेल तर त्याचा जेव्हीएमचा, म्हणजे कुठलं जावा वापरायचं त्याचा, पत्ता त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये वेगळा असतो, तो हाताने बदलावा लागतो.

बदलल्यावर बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं कनेक्शन "पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड" म्हणून तुटलं तर नेट चेक करत बसू नका. कुणीतरी पूर्वी जुन्या जावाच्या "सीएसर्ट्स" (cacerts) या भरवशाची सर्टिफिकेटं ठेवायच्या फाइलमध्ये सर्टिफिकेट घातलेलं असतं, ते जुन्या फोल्डरमध्येच राहिलं. जावासोबत येणाऱ्या कीटूलने काढून नव्यात घाला, आणि हो, त्यासाठी जुनं फोल्डर लगेच डिलीट करू नका.

आणखी एक घोळ म्हणजे बिल्डबरोबर व्हर्जनही एकदमच बदलणं. आठवरून थेट १७ किंवा २१ वर उडी मारली की जॅक्सबी (एक्सएमएल हाताळणारी लायब्ररी) सापडत नाही, कारण ११ मध्ये ते जावातून काढून टाकलंय, वेगळी लायब्ररी जोडावी लागते. दोन्ही एकत्र केलं की बिघाड नक्की कशामुळे झाला तेच कळत नाही, म्हणून आधी ८ च्या जागी ८ च टाका, व्हर्जनचं नंतर बघू. आणि स्क्रीनच उघडली नाही, एररमध्ये जावाएफएक्स (स्क्रीन बनवायची लायब्ररी) दिसलं, तर ते ओरॅकलच्या ८ मध्ये आत होतं, टेमुरिनमध्ये नसतं. झुलूचा एफएक्सवाला नाहीतर लिबेरिकाचा फुल बिल्ड घ्या.

शेवटी अख्ख्या ड्राइव्हवर "जावा.एक्सई" (java.exe) सर्च करा. बरीच सॉफ्टवेअरं आपल्याच फोल्डरमध्ये जावा घेऊन येतात, कंट्रोल पॅनलमध्ये ते दिसतच नाही. असं सापडलं तर त्या व्हेंडरला मेल टाकून विचारा की याचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे, फोनवर विचारू नका, उत्तर लेखी पाहिजे.