पार्कात न्यायच्या आधी लेकराची उंची मोजा

लहान लेकरांले घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाले जायचं असन तं बुकिंगच्या आधी एक काम करा, लेकराले चप्पल काढून घरच्या भिंतीपाशी उभं करा अन् टेपनं उंची मोजा. कारण मोठ्या राइडवर बसू देतात ते उंची पाहून, वय पाहून नाई. मागं एका पार्कात आमचा पाच वर्षांचा पोट्टा राइडच्या गेटवरून परत आला अन् लय रडला, चूक माहीच होती, व्हिडिओ दाखवून दाखवून मीच त्याले आशा लावली होती. उंची समजली की वेबसाइटवर पाहून त्याच्या जोगत्या राइड आधीच ठरवा, अन् त्याले तेवढ्याच दाखवा.

गाडीचं म्हणाल तं विदर्भ एक्सप्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोल्यावरून जाते, कल्याणले उतरायचं, तिथून कर्जत-खोपोलीकडं लोकल आहे. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडते. ५ वर्षांखालच्या लेकराले तिकीट नाई पण बर्थही नाई, ५ ते १२ मधल्याले वेगळा बर्थ पाहिजे तं पूर्ण तिकीट. पैसे वाचवू नका बाप्पा, बर्थ घ्याच, रातभर मांडीवर झोपलेलं लेकरू दिवसभर किरकिर करते.

दिवाळीत आपल्याकडं कापूस वेचणी असते, म्हणून संक्रांतीनंतर जा, तेही मंगळवार-बुधवार पाहून. दशम्या अन् चटणी गाडीतच संपवा, पार्कात बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाई.