सॅम्पल घेऊन कोल्हापूरला निघताय? आधी हे बघा

चंदगड, गगनबावड्याकडनं कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायचं सॅम्पल निघालं की आपल्याकडं पहिला प्रश्न एकच, बर्फ टाकला काय? अहो, बर्फ सगळ्यांना चालत नाही, ते डोक्यात ठेवूनच बॉक्स भरा.

आदल्या रात्री आईस पॅक फ्रीजरला लावा आणि कॅरी-ब्लेअरच्या, म्हणजे संडासातले जंतू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या मिडियमच्या ट्यूबवरची तारीख बघा, आतलं मिडियम सुकून आकसलं असेल तर ती ट्यूब बादच. लॅबला फोन पण करा, नाहीतर शनिवारी दुपारी पोचायचं आणि सोमवारपर्यंत पडून राहायचं.

जुलाबाच्या पेशंटचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेलं सॅम्पल, अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यायचा, मिडियमात पार खाली खोचायचा, वरची काडी मोडायची आणि झाकण आटे बसेपर्यंत घट्ट फिरवायचं. ह्या मिडियमात जंतूंना खायला जवळजवळ काही नसतं म्हणून ते वाढत नाहीत, पण पीएच 8.4 च्या आसपास, म्हणजे आंबटाच्या उलट, असल्यानं मरत पण नाहीत. नुसत्या डबीत ठेवलं तर संडास आंबट होत जाते आणि शिगेला हा रक्ती जुलाबाचा जंतू लगेच मरतो.

लघवी दोन तासांत पोचणार नसेल तर 2 ते 8 डिग्रीला, आणि तिथंही 24 तासांच्या आत. बाहेर ठेवली तर जंतू वाढत जातात आणि इन्फेक्शन नसलेल्या माणसाचा पण आकडा लाखात जातो.

पाठीतलं पाणी (मणक्यातनं सुईनं काढलेलं) आणि ब्लड कल्चरची बाटली मात्र बर्फात अजिबात नको, मेनिंजायटिसचे, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे जंतू थंडीनं मरतात. एकदा मीच शहाणपणा करून पाठीतलं पाणी आईस पॅकला चिकटवून आणलेलं, मायक्रोस्कोपखाली जंतू दिसले पण कल्चरच्या प्लेटवर काहीच वाढलं नाही, त्या दिवशी काय ऐकून घेतलंय ते माझं मला माहीत.

पुराच्या दिवसांत नळाचं पाणी तपासायला नेत असाल तर लॅबनं दिलेली बाटली विसळू नका, आतली सोडियम थायोसल्फेटची चिमूट क्लोरीन मारायला असते. ही बाटली मात्र थंडच न्यायची.

भरताना प्रत्येक ट्यूबभोवती कापूस, मग न गळणारी डबी, मग बाहेरचा बॉक्स, आणि आईस पॅक पेपरात गुंडाळून, कारण थेट टेकला तर सॅम्पल गोठतं. नाव ट्यूबवर लिहा, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. पेनाची शाई ओल्यानं फुटते म्हणून पेन्सिल बरी. फॉर्म वेगळ्या पिशवीत, त्यावर सॅम्पल घेतल्याची वेळ हवीच, आणि एसटीत बॉक्स ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवू नका, खाली इंजिन तापलेलं असतंय, मांडीवर घेऊन बसा.