डिस्क बदलण्याआधी हब बघा

माझं माहेर कराडचं आणि सासर चिपळूणचं, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट होतोच. गाडी 2012 ची स्विफ्ट. तीन वर्षांपूर्वी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरू लागलं आणि पेडल पायाखाली टकटक करत वर येऊ लागलं. गॅरेजमध्ये सांगितलं, पुढच्या ब्रेकच्या डिस्क वाकल्यात. दोन्ही नव्या घातल्या, त्यांना दाबून धरणारे पॅडही नवे. चार महिने गाडी मऊ चालली आणि पाचव्या महिन्यात पोफळीच्या वर त्याच वळणांवर तीच थरथर.

आमच्या शेजारचे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी चाक काढायला लावलं, डिस्क उतरवली आणि तिच्यामागच्या हबवर, म्हणजे डिस्क नि चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, बोट फिरवून म्हणाले, "बाय, डिस्कचं राहू दे, हे बघ." हबच्या सपाट तोंडावर, बोल्टाच्या मुळाशी, गंजाची नखाएवढी खपली बसली होती. जुन्या गंजावरच नवी डिस्क चढवली होती.

एवढ्याशा खपलीने काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचे पैसे इथेच जातात. खपलीमुळे डिस्क हबवर तिरकी बसते. तिरकेपणा 0.1 मिलिमीटरच्या पुढे गेला की पुरे. सुरुवातीला पायाला काहीच कळत नाही. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात डिस्कची तीच बाजू पॅडला चाटून जाते, ब्रेक दाबलेला नसतानासुद्धा. हजारो किलोमीटर असं चाटून ती बाजू बाकीच्या डिस्कपेक्षा किंचित पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पॅड जाड-पातळ, जाड-पातळ भागांवरून जातात आणि तोच धक्का ब्रेक ऑइलमधून पेडलपर्यंत येतो. म्हणून थरथर लगेच न येता चार महिन्यांनी येते, आणि आपण नव्या डिस्कला नावं ठेवतो. कोकणातली हवा नि चार महिन्यांचा पाऊस यामुळे आपल्याकडे हा गंज अंमळ जास्तच.

स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुतेक पुढच्या डिस्कमध्ये. स्टिअरिंग शांत आणि फक्त पेडल किंवा सीट हलत असेल तर मागचे ड्रमही तपासा. एबीएसवाल्या (जोराच्या ब्रेकलाही चाक लॉक होऊ न देणाऱ्या) गाडीत निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरतं, तो दोष नाही. बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पॅड संपत आलेत. पुष्कळ पॅडना त्यासाठीच पत्र्याची एक जीभ असते. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा थांबल्यावर एकच चाक जास्त तापलेलं असेल, तर बहुतेक कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नाहीतर तो ज्यावर सरकतो ती पिन अडकली आहे.

चाक काढण्याआधी, गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये. मग जॅक, आणि जॅकने उचलल्यावर लोखंडी घोडी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. अंगणातली लाल माती जॅकखाली दबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फरशीवर, सपाट जागीच काम करा.

डिस्कची जाडी मोजताना व्हर्निअर (जाडी मोजायचं सरकतं माप) थेट लावला तर फसगत होते. कडेला न घासलेला काठ उरलेला असतो, व्हर्निअर त्या काठावर बसतो आणि डिस्क जाड दाखवतो. अण्णांची युक्ती: दोन सारखी नाणी घ्या, घासलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक धरा, नाण्यांसकट मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. डिस्कभोवती सहा-आठ ठिकाणी मोजा. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर कोरलेला असतो. गंजाखाली दडला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. त्या आकड्याच्या जवळ आली असेल तर लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) घेण्यात अर्थ नाही, पातळ डिस्क घाटात लवकर तापते. तडा दिसला तरी बदलायचीच. एकाच बाजूची बदलू नका, जोडीने बदला, आणि पॅडही नवे घाला.

कॅलिपर सोडवलात की तो तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी पाइपवर लोंबकळू दिला तर पाइप आतून फाटतो आणि वरून काही दिसत नाही. मग पॅडचा कंस सोडवला की डिस्क मोकळी होते. काही गाड्यांत एक छोटा स्क्रूही असतो. गंजाने चिकटली असेल तर हातोडा उचलू नका. माझ्या डिस्कला आटे असलेली दोन भोकं आहेत, त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळत नेले की डिस्क आपोआप पुढे सरकते. पहिल्यांदा ती "टक्" करून सुटली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

आता हब. इथे घाई करू नका. मी एका चाकाला अर्धा तास देते. तारेचा ब्रश, मग एमरी पेपर, आणि प्रत्येक बोल्टाच्या मुळाशी जुन्या टूथब्रशइतक्या बारीक ब्रशने. बोट फिरवल्यावर कुठेही खरखर लागता कामा नये. नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनर फवारून स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. डिस्क बसवून नट सारखे आवळा, गिअर न्यूट्रलला आणा आणि फिरवून बघा. डायल गेज (तिरकेपणा मोजणारं घड्याळासारखं माप) मिळाला तर लावाच.

कॅलिपरच्या दोन्ही पिना बाहेर काढून पुसा. हाताने सहज सरकत नसतील तर आतला पॅड संपतो आणि बाहेरचा तसाच राहतो. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, साधं ग्रीस नको, ते रबर फुगवतं. वरची आणि खालची पिन पुष्कळदा वेगळी असते, अदलाबदल करू नका. जाड नव्या पॅडसाठी पिस्टन सी-क्लॅम्पने हळू मागे ढकला, आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्यावर लक्ष ठेवा. पातळी वर चढते, सांडलं तर रंग उडवतं. सांडलंच तर लगेच पाणी ओता.

कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा, नट समोरासमोरच्या क्रमाने. एका बाजूला जास्त आवळले तर चांगली डिस्कही तिरकी बसते.

गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले तीन-चार दाब थेट तळाला जातात. हे विसरून गाडी अंगणाबाहेर काढलीत तर समोर जे असेल त्यावर जाल.

मग नवे पॅड नि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम ब्रेक, असं आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. दोन ब्रेकच्या मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता गाडी गार करा. पहिले दोनशे किलोमीटर घाट टाळलेला बरा.

घाटात दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेक थोडा-थोडा लावून सोडा, पाय टेकवून ठेवू नका. खाली उतरल्यावर चहाला थांबताना पेडल दाबून उभे राहू नका. तापलेला पॅड एकाच जागी छाप सोडतो आणि तीही थरथर देते. गाडी लगेच धुवायलाही देऊ नका, निदान अर्धा तास थांबा. पावसात आठवडाभर उभी राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 हा ब्रेक ऑइलचा प्रकार नवा असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ती मर्यादा 140 पर्यंत येऊ शकते, आणि उतारावर उकळलं की पेडल पायाखालून निघून जातं. मी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधी बदलते, आणि त्याच दिवशी पुढची दोन्ही चाकं काढून पिना हाताने सरकवून बघते.