दाढ काढल्यानंतर तोंडाची काळजी कशी घ्यावी

दाढ काढून घरी आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिल्याच तासात जे सल्ले मिळतात, त्यांतले बहुतेक तोंडात काहीतरी घालण्याचे किंवा तोंडातून काहीतरी बाहेर काढण्याचे असतात. मिठाच्या गुळण्या कर, तुरटीचे पाणी धर, लवंग ठेव, हळद दाब, रक्त गिळू नकोस, थुंकून टाक. घरातल्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या अशा दुखण्यात सोबतीला बसण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते, आणि माझे ठाम मत असे आहे की त्या दिवशी तोंडाला जितके कमी छेडावे तितके चांगले. गोळ्या, सूचनांचा कागद आणि दवाखान्याचा फोन नंबर हाताशी आहे, असे धरून पुढचे लिहीत आहे.

बोळा

डॉक्टरांनी दिलेल्या बोळ्यावर दात घट्ट दाबून ३० ते ४५ मिनिटे गप्प बसावे. बोळा चघळू नये, बोलू नये आणि ‘थांबले का?’ म्हणून दर पाच मिनिटांनी काढून पाहू नये. घरी आल्यावर पुन्हा रक्त येऊ लागले, तर स्वच्छ गॉजची जाडसर घडी पाण्याने किंचित ओली करावी, नेमकी त्या जागेवर ठेवावी आणि घड्याळ लावून अर्धा तास दाबावी. कोरडा कापूस नको. त्याचे तंतू जखमेला चिकटतात.

बधिरपणा उतरेपर्यंत

साधारण दोन ते चार तास ओठ आणि गाल बधिर राहतात. तेवढ्या वेळात गरम चहा पिऊ नये, कारण भाजले तरी कळत नाही. लहान मूल असेल तर ते स्वतःचाच ओठ चावत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. दुखण्याची गोळी बधिरपणा पूर्ण उतरण्याआधी, पोटात थोडे काही गेल्यावर घ्यावी. दुखते म्हणून घरात सापडलेली अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. पण हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तीही आपल्या मनाने बंद करू नये.

पहिले २४ तास: थुंकणे बंद

सगळे जमते, अडते ते इथे. दाढ निघाल्यावर हिरड्यात जो खळगा उरतो, तो रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गडद लाल, जेलीसारखी गुठळी बनते. खालचे हाड आणि तिथल्या नसा हीच गुठळी झाकून ठेवते. जोरात चूळ भरली, पिचकारी मारल्यासारखे थुंकले किंवा नळीने काही ओढून प्यायले, तर तोंडात निर्माण होणाऱ्या दाबाने किंवा ओढीने ती निसटू शकते. म्हणून पहिले २४ तास चूळ नाही, गुळणी नाही, थुंकणे नाही आणि नळीही नाही. शहाळे हवे असेल तर पेल्यात ओतून घ्यावे.

हे सांगायला एक मिनिट पुरते; पाळून घ्यायला मात्र सगळी रात्र जाते, आणि मला सर्वांत जड गेले आहे ते हेच. जेवल्यावर चूळ भरण्याची, उठल्याबरोबर खाकरून थुंकण्याची सवय ज्यांच्या अंगात मुरलेली असते, त्यांचे पाय आपोआप बेसिनकडे वळतात. त्यातच लाळ गुलाबी दिसते. थेंबभर रक्त आणि चमचाभर लाळ एकत्र झाली की भळाभळा रक्त वाहत असल्याचा भास होतो. मग माणूस घाबरून थुंकतो, थुंकल्याने जखम पुन्हा ओलावते आणि तो आणखी थुंकतो. अशी फिकट गुलाबी लाळ पहिला दिवसभर येणे स्वाभाविक आहे. ती गिळावी. अगदीच किळस येत असेल, तर मान खाली करून तोंड उघडावे आणि लाळ जुन्या रुमालावर आपोआप गळू द्यावी, जोर लावू नये. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे आणि वरच्या उशीवर जुने फडके घालावे, म्हणजे सकाळी अभ्र्यावरचे डाग पाहून घरात कोणी हबकत नाही.

तंबाखूबाबत मी कोणाचेच ऐकत नाही. आमच्या आत्याचे म्हणणे असे की, ‘मी मिश्री दुसऱ्या बाजूला लावते, त्या बाजूला जातच नाही.’ जाते. लाळ सगळ्या तोंडात फिरते, आणि निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसून जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो. विडी, सिगारेट, गुटखा, मावा, मिश्री यांतले काहीही किमान तीन दिवस आणि जमल्यास आठवडाभर तोंडात जाऊ देऊ नये. मी तर मिश्रीचा डबाच उचलून ठेवतो आणि बोलणी खातो.

गुठळी टिकली नाही, तर होणाऱ्या त्रासाला दंतवैद्य ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या अक्कलदाढेनंतर तो अधिक आढळतो. ओळख अशी: पहिल्या दिवशी बरे वाटते, पण एक ते तीन दिवसांत उलट ठणका वाढतो, तो कानाकडे जातो, तोंडाला घाण वास येतो आणि खळगा रिकामा दिसतो. यावर घरगुती उपाय करत बसू नये. लवंग तेलाचा बोळा आपल्या हाताने खळग्यात कोंबणे तर मुळीच नको, हिरडी भाजते. दवाखान्यात खळगा धुऊन औषधी पट्टी भरली की पुष्कळ आराम पडतो.

२४ तासांनंतर

आता मीठपाणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालावे, घोट तोंडात घेऊन मान हळूच डावी-उजवीकडे कलवावी आणि पाणी बेसिनमध्ये गळू द्यावे. खळखळून गुळण्या करू नयेत. प्रत्येक खाण्यानंतर, दिवसातून चार-पाच वेळा पुरे. बाकीचे दात हलक्या हाताने घासावेत, ती जागा सोडून.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोबाइलच्या उजेडात आरशात पाहणारे हमखास विचारतात की पू झाला का. खळग्यावर पांढरट-पिवळसर थर दिसतो, तो बहुधा भरून येणाऱ्या जखमेचाच असतो. तो काडीने, जिभेने किंवा इअरबडने खरवडू नये.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर १०-१५ मिनिटे ठेवावा, तेवढाच वेळ काढावा. गरम शेक त्या दिवशी नको.

खाण्यात गुरगुट्या भात, मऊ खिचडी, ताक, नाचणीचे गार आंबील, केळे चालते. चिवडा, शेंगदाणे, तीळ आणि पेरूच्या बिया खळग्यात अडकतात.

डॉक्टरांना कधी गाठावे

बोळा नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप येत असेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल, तर वाट पाहू नये. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. वरची दाढ काढली असेल आणि पाणी पिताना ते नाकातून येत असेल, तर नाक शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे आणि लगेच कळवावे. वरची दाढ काढल्याने डोळे अधू होतात, ही समजूत मात्र निखालस खोटी आहे. दाताची नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी.

विरघळणारे टाके आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप पडतात. रेशमी टाके साधारण आठवड्याने काढून घ्यावे लागतात, तेव्हा कोणते घातले आहेत ते निघतानाच विचारून ठेवावे. हिरडी काही आठवड्यांत मिटते, पण आतले हाड भरायला काही महिने लागतात. अक्कलदाढ सोडून दुसरी दाढ काढली असेल, तर तिच्या जागी काय बसवायचे हे याच काळात डॉक्टरांशी बोलून ठरवावे, कारण जागा मोकळी राहिली की शेजारचे दात तिकडे कलतात आणि समोरचा दात त्या पोकळीत उतरू लागतो.