पन्हाळ्यावर धुकं असेल तर क्रम बदला

पावसाळ्यात पन्हाळ्याला गेलेली बरीच मंडळी थेट सज्जाकोठी, म्हणजे दरीचा देखावा बघायची गडावरची इमारत, गाठतात आणि पांढऱ्या ढगापलीकडे काही न बघता परततात. त्यावर उपाय सोपा आहे. धुक्यातही नीट बघता येतं ते आधी, मोकळी हवा लागते ते नंतर.

१. कोल्हापुरातून सकाळी लवकर निघा. अंतर वीसेक किलोमीटरच आहे, पण सुट्टीच्या दिवशी उशीर केला तर गाडी लावायला जागा मिळत नाही.

२. आधी अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं आतून निवांत बघा. मग तीन दरवाजा आणि शेजारची अंधारबाव ही विहीर. तिथल्या पायऱ्या ओल्या असतात, पकड असलेलेच बूट घाला. १६६० च्या वेढ्यात शिवाजी महाराज ज्या वाटेनं निसटले ती राजदिंडीही बघा. बहुतेक लोक ती चुकवतात, याचं फार वाईट वाटतं.

३. झुणका-भाकरी खाऊन घ्या. तोवर ढग हलले, तर लगेच सज्जाकोठी.

४. मसाई पठार आणि आसपासचं रान शेवटी, तेही आभाळ उघडलं तरच. पावसाळा सरताना तिथं रानफुलं येतात, त्यामुळं मळलेली वाट सोडू नका. पाणी गडावरूनच भरून न्या.

पठारावर अचानक धुकं उतरलं तर पुढं जाऊ नका. सगळीकडं सारखंच सपाट दिसतं आणि कडा कळत नाही. आल्या वाटेनं लगेच मागं फिरा.