पाण्याचं रॉकेट: लाँचर नीट जमला की बाकी सोपं

बटाटा दूर फेकणाऱ्या घरगुती तोफेत बहुधा पाइपात गॅस पेटवतात. कोंडलेल्या दाबाची तीच मजा आगीशिवाय हवी असेल, तर दोन लिटरच्या बाटलीचं पाण्याचं रॉकेट करा. बहुतेक जण सगळा वेळ रॉकेटवर घालवतात आणि लाँचर (उलटी बाटली धरून तिच्यात हवा भरणारा पाइप आणि दोरी ओढताच ती सोडणारी पकड) कसाबसा उरकतात. व्हायला हवं उलटं. रॉकेट फुटलं तर दुसरं करता येतं, पण लाँचर गळका किंवा अडकणारा असेल तर चांगलं रॉकेटही जागीच फसफसतं.

बाटली सोडा किंवा कोल्ड्रिंकचीच हवी. साध्या पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, दाबाला चालत नाहीत. घडी पडलेली, ओरखडलेली किंवा उन्हात पडून राहिलेली बाटली बाजूला टाका. या बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास साधारण २१.७ मिमी असतो आणि अर्धा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाचा बाहेरचा साधारण २१.३. म्हणजे पाइप तोंडातून जेमतेम सरकतो, आणि नेमकं हेच हवं असतं. विकत घेताना बाटली सोबत न्या आणि घालून पाहा, कारण जस्ताच्या थरामुळे एखादा पाइप जाड निघतो. पीव्हीसीचा पाइपही मापात बसतो, पण हवेच्या दाबाखाली तो फुटला तर त्याच्या धारदार चिपा उडतात. म्हणून तो नकोच.

पाइप ५० सेंमी लांब घ्या. वरच्या टोकापासून १८ सेंमीवर ओ-रिंगसाठी (हवा अडवणारी रबरी कडी) लेथवर खाच पाडून घ्या: २.४ मिमी जाडीच्या रिंगला खोली १.८ मिमी, रुंदी ३ मिमी. पाइप जाड भिंतीचाच निवडा, नाहीतर खाचेखाली धातू फार कमी उरतो. रिंगचा आतला व्यास १७ मिमीच्या आसपास असावा, म्हणजे ती किंचित ताणून बसते. पाइपाचं वरचं टोक कानशीने गोल करा. तिथे धार राहिली तर बाटली चढवताना तोंडाच्या आत चरा पडतो आणि मग कितीही ग्रीस लावा, हवा सुटतेच.

खाचेखाली १२ मिमीवर कापडी टेपचे वेढे देत जा. जाडी बाटलीच्या मानेइतकी, म्हणजे साधारण २८ मिमी झाली की थांबा. बाटलीचं तोंड या वेढ्यांवर टेकतं. वेढ्यांभोवती ४.८ मिमी रुंदीचे १२ केबल टाय (वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) उभे लावा, डोकी वर आणि आतल्या बाजूला वळलेली. बाटलीच्या मानेला जी बाहेर आलेली कडा असते, तिच्या बरोबर वर ही डोकी अडकली पाहिजेत. टायच्या शेपट्या खाली होज क्लॅम्पने (स्क्रूने घट्ट होणारी धातूची पट्टी) आवळा. मात्र शेवटचं आवळण्याआधी बाटली बसवून प्रत्येक डोकं एकाच उंचीवर आहे का ते पाहा. दोन-तीन डोकी वर-खाली राहिली की सगळा भार उरलेल्यांवर येतो आणि सुटताना रॉकेट तिरकं निघतं. भार किरकोळ नसतो: ४ बार दाबाला (१ बार म्हणजे साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाइतका) बाटली सुमारे १५ किलोच्या जोराने वर ओढत असते.

टायवरून सरकणारी बाही म्हणून ४० मिमीच्या आसपास आतला व्यास असलेल्या पाइपाचा ८ सेंमी तुकडा घ्या. इथे पीव्हीसी चालेल, कारण बाहीत दाब नसतो. बाही वर असताना डोकी कडेवर दाबून धरते, खाली ओढली की ती मोकळी होतात. समोरासमोर दोन भोकं पाडून दोन्हींतून दोरी घ्या आणि खाली एकत्र बांधा. एकाच बाजूने ओढलं तर बाही तिरपी होऊन अडकते.

पाइपाच्या खालच्या टोकाला एल्बो (काटकोनी जोड) लावा, सगळे आटे टेफ्लॉन टेपने बसवा आणि पाइप क्लॅम्पने जाड प्लायच्या फळीवर पक्का करा. एल्बोपासून किमान १० मीटर काँप्रेसरची होज न्या. तिच्या दुसऱ्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड) हवा: एका तोंडाला पंपाचा व्हॉल्व्ह, दुसऱ्याला छोटा बॉल व्हॉल्व्ह. हा बॉल व्हॉल्व्ह गाळायचा मोह टाळा. बाही अडकली तर दूरूनच दाब सोडता आला पाहिजे. भरलेल्या बाटलीजवळ कोणत्याही कारणाने जायचं नाही.

रॉकेटच्या दाबाच्या बाटलीला भोक, सँडपेपर किंवा गरम ग्लू लावू नका. उष्णतेने प्लॅस्टिक तिथेच कमजोर होतं. दुसऱ्या बाटलीचा मधला भाग कापून त्यावर पोकळ प्लॅस्टिक शीटचे तीन पंख बसवा आणि तो घेर दाबाच्या बाटलीवर टेपने चढवा. नाकासाठी तिसऱ्या बाटलीचा वरचा भाग, आत ६० ते ८० ग्रॅम माती आणि टोकाला फोम. नाकात धातू अजिबात नको. रिकामं रॉकेट जिथे तोलतं तिथे दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं किंवा उलटं फिरत असेल तर नाकात वजन वाढवा किंवा पंख मोठे करा.

उडवण्याआधी पाण्याची चाचणी. बाटली काठोकाठ भरून लाँचरवर बसवा आणि दूर उभं राहून ६ बारपर्यंत दाब द्या. पाणी दबत नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी स्फोटाचा जोर फारच कमी असतो. पाच मिनिटं टिकली तर ४ बारला (सुमारे ६० पीएसआय) वापरा. पहिली उड्डाणं मात्र २ बारलाच करा.

पाणी एक तृतीयांश, म्हणजे साधारण ६५० मिली. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, लाँचर तिरका धरून पाइप बाटलीत घाला, बाही वर करा, मग लाँचर उभा करा. पाइपाचं टोक पाण्याच्या वर येतं, म्हणून पाणी होजमध्ये उतरत नाही. फळीला खुंट्या ठोका, चष्मे घाला, १० मीटरच्या आत कोणी नको, वर तारा नकोत. मग पंप करा, मोठ्याने उलटी गिनती करा आणि दोरी एका झटक्यात ओढा. ४ बारला पाइपावरून सुटल्यावर पाणी ताशी सुमारे १०० किमी वेगाने बाहेर पडतं आणि एक दशांश सेकंदाच्या आतच संपतं.

पंप करताना तळाशी थेंब गळत असतील तर बहुधा रिंगवर वाळूचा कण आहे. पुसून पुन्हा बसवा. रॉकेट उडालं पण मैदानभर पाणी शिंपडत लोळलं, तर नाक हलकं आहे. सरळ पण कमी उंच गेलं तर बहुधा पाणी जास्त झालं: हवेला जागा कमी उरली, म्हणजे साठलेली ताकदही कमी. बाही ओढायला जड जात असेल तर टायच्या डोक्यांना आणि बाहीच्या आतून ग्रीस लावा, दोरी जास्त जोराने ओढून उपयोग नाही. आणि जमिनीवर आपटल्यानंतर बाटलीवर पांढरट रेघ किंवा चुरगळ दिसली, तर ती बाटली पुन्हा दाबाखाली घालायची नाही. तिचा मधला भाग पंखांच्या घेराला वापरा.